पूर, वळीव आणि खुराडं: कोंबड्या-कुत्र्या-मांजरांची पावसाळ्याआधीची तयारी

खुराडेवाली (धागालेखिका)

मंडळी, मे संपत आलाय. वळवानं झोडपून झालं, आता खरा पाऊस लागायच्या आत एक गोष्ट पक्की करायची आहे. आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून जवळ. परसात दहा-बारा कोंबड्या (गिरिराज आणि गावठी मिसळून), एक कुत्रा, दोन मांजरं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा आमच्या भागात पाणी आलं. माणसांनी कुठं जायचं, कागदपत्रं कुठल्या पिशवीत, गॅसचा सिलिंडर कुठं बांधायचा, हे आता पोराबाळांनाही पाठ आहे. मुक्या जिवांचं मात्र आयत्या वेळी "बघू की" असतं.

माझं म्हणणं असं. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी आपण सगळेच तासातासाला बघतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. मग प्रत्येक घरानं आपल्या जनावरांचा फूट आधीच का ठरवून ठेवू नये? अमुक फुटाला कोंबड्या हलल्याच पाहिजेत, तमुक फुटाला कुत्रा-मांजर. आकडा भिंतीवर लिहायचा आणि तो आला की वाद न घालता उठायचं. मी ३९ म्हणते. घरचे म्हणतात, ३९ धरला तर दरवर्षी उगाच बिऱ्हाड उचलावं लागेल. तुम्ही काय करता? खाद्य-पाणी किती साठवता? कोंबड्या नेता कशातून आणि ठेवता कुठं?

रंकाळवेशी

घरच्यांचं बरोबर आहे. ३९ बऱ्याच पावसाळ्यांत होतो आणि पाऊस उघडला की उतरतोही. कोंबडी जागा बदलली की अंडी बंद करते, खाणं सोडते. ४३ धरा.

सुतारवाड्याचा

रंकाळवेशी, तुम्ही उंचावर राहता म्हणून ४३ म्हणताय. शहरात पाणी पहिल्यांदा शिरतं ते आमच्याकडं. धोक्याची पातळी गाठायच्या आत आमच्या माणसांचं स्थलांतर सुरू झालेलं असतं. बंधाऱ्यावरचा आकडा सगळ्यांना एकच, पण प्रत्येकाच्या उंबऱ्याचा फूट वेगळा. मागच्या पुरात तुमच्या दारात पाणी आलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होता ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारा. त्यातून तीन-चार फूट वजा करा. तो तुमच्या कोंबड्यांचा आकडा.

खुराडेवाली

हे आवडलं. आमच्या गल्लीत भिंतींवर पुराच्या खुणा आहेत, त्यावरून काढता येईल.

पी_ढबाक

आमचा आराखडा सोपा आहे. आखाडात तांबडा-पांढरा रस्सा आणि सुकं. श्रावण लागतो तेव्हा खुराडं रिकामं, पूर येऊ दे नाहीतर जाऊ दे 😄

खुराडेवाली

माझ्या कोंबड्यांना नावं आहेत हो! चंद्री, भुरी, पैलवान... पैलवानाचा रस्सा कुणी प्यायचा?

पी_ढबाक

पैलवान नाव असेल तर रस्सा कडक होणार. बरं बरं, हात जोडतो. पैलवानाला उदंड आयुष्य.

शिरोळचा_ऊसवाला

चेष्टा बाजूला ठिवा, पण पी_ढबाक यांच्या बोलण्यात तथ्य हाय. आमच्याकडं आखाडात, त्र्यंबोलीच्या जत्रंच्या टायमाला कोंबड्याला भाव चांगला मिळतोय. जादाचं नर तवाच विकून टाकायचं. पूर येतोय तवा खुराड्यात जितकी कमी तोंडं तितकं हलवायला सोपं. अंड्यावरच्या माद्या आणि एक नर ठेवला की बास.

दुसरं. तरण्या पावसापेक्षा (पुनर्वसू नक्षत्राचा) म्हाताऱ्याचं (पुष्याचा) भ्या जास्त. २०२१ चा पूर म्हाताऱ्या पावसात आला, २०१९ चा आश्लेषात. म्हंजे जुलैची वीस तारीख ते ऑगस्टचा मध्य, ह्या टायमाला खुराड्यात काय बी नवीन भरायचं न्हाई. पिल्लं न्हाईत, इकत आणलेल्या तलंगा (तरण्या कोंबड्या) न्हाईत.

आणि आमच्या शिरोळात तुमच्यासारखं न्हाई. पाणी सावकाश चढतंय आणि उतरायचं नाव घेत न्हाई. नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येत्यात, दोन्हीकडनं फुगवटा. तुमी तीन-चार दिसाचं खाद्य ठेवलं तर आमी पंधरा दिसाचं ठेवतोय.

अलमट्टीविरोधक

हा सगळा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा. ५१९ मीटरपर्यंत पाणी भरलं की शिरोळ बुडणारच. यावर कुणी बोलत नाही.

करवीरकर_७

सगळेच बोलतात. आधी एकाच वेळी पडणारा पाऊस, कोयनेचा विसर्ग आणि नदीपात्रातले भराव बघा.

अलमट्टीविरोधक

भराव हा मुद्दा आहेच, पण...

रंकाळवेशी

अलमट्टीसाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः भांडायला येतो. इथं चंद्री-भुरी वाट बघतायत.

प्रयागकाठ

आमचं चिखली-आंबेवाडीचं गणित तिसरंच आहे. आम्ही फूट बघतोच, पण त्याहून जास्त रस्ता बघतो. घरात पाणी यायच्या कितीतरी आधी रत्नागिरी रस्त्यावर पाणी येतं. एकदा रेडेडोह फुटला (नदीचं पाणी पात्र सोडून रस्त्याकडं वाहू लागलं) की मग टेम्पोवाला फोनसुद्धा उचलत नाही. म्हणून मोठी जनावरं आणि कोंबड्या रस्ता चालू असतानाच उंचावर सोनतळीला जातात, मागं एक-दोन माणसं राहतात. ज्यांचं घर उंचावर आहे पण रस्ता खोलात आहे त्यांनी रस्त्याचा फूट धरावा. गगनबावडा रस्त्यावरच्या मांडुकली-किरवेकडच्या लोकांनाही हेच लागू.

२०१९ ला ज्यांना अंदाज आला त्यांना २०२१ ला आला नाही, कारण २०२१ ला पाणी फार वेगानं चढलं. दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या वर गेली, पण चढण्याचा वेग एकसारखा नव्हता. म्हणून नुसता फूट पुरत नाही, तासाला किती इंच चढतंय तेही बघा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली आणि वर पाऊस चालूच असेल, तर आकडा गाठायची वाट बघू नका.

आणि हात जोडून एक विनंती. घर सोडताना जनावर बांधून जाऊ नका. नेता येत नसेल तर दावं सोडा, गोठ्याचं दार उघडं टाका. कुत्र्याची साखळी सोडा. मोकळं जनावर उंचवटा शोधतं. दावणीला असलेल्यानं काय करायचं?

जित्राबांचा_डॉक्टर

प्रयागकाठ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

मी पशुवैद्यक आहे, जिल्ह्यातच काम करतो. विचारलेल्या गोष्टींवर सांगतो. थोडं लांबेल.

खाद्य-पाण्याचा हिशेब. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते आणि पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. दहा कोंबड्यांना आठवड्याला सात ते साडेआठ किलो खाद्य आणि सतरा-अठरा लिटर पाणी. म्हणजे एक झाकणाचा डबा आणि एक कॅन. हे फार नाही, पण ते आधी भरलेलं पाहिजे. मोठ्या पुरात उपसा केंद्रं बुडून शहराचे नळ बंद पडलेले आपण पाहिलेत. पुराचं डबक्यातलं पाणी कोंबड्यांना पाजू नका. खाद्य भिजलं तर वाळवून घालू नका, टाकून द्या. दिसली नाही तरी बुरशी धरलेली असते आणि तिचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं.

लसी. हे आत्ता, मे-जूनमध्येच. एकत्र कोंडलेल्या, भिजलेल्या, घाबरलेल्या कोंबड्यांत राणीखेत (मानमोडी) वणव्यासारखी पसरते. लस दिल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात, म्हणून पाणी दारात आल्यावर लस देऊन उपयोग नाही. गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी. कुत्र्याला रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस). लेप्टो उंदराच्या मुतातून पुराच्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. पहिल्यांदाच देत असाल तर काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, तेव्हा आजच दवाखान्यात जा. औषधांचे डोस मी इथं लिहिणार नाही, वजन आणि वय बघूनच द्यायचे असतात.

पकडायच्या कशा? अंधार पडल्यावर. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, ती दांडीवर गप्प बसलेली असते, अलगद उचलता येते. दिवसा मागं धावलात तर धापेनंच निम्म्या गळतील. उचलताना छाती आवळू नका. तिला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खाली-वर झालं तरच श्वास चालतो. पाय बांधून उलटं लटकवून नेणं तर नकोच.

मंगळवार_पेठी

डालगं (कोंबड्यांची बांबूची टोपली) मिळेना झालंय आता. मी भाजी मंडईतले टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट वापरते. एक सरळ, त्यावर दुसरा उलटा, चारी कोपऱ्यांना सुतळी. हवा खेळते, घाण खाली पडते, एकावर एक रचता येतात. एका जोडीत तीन-चार कोंबड्या आरामात. खाली पाचट किंवा भाताचं तूस घालायचं. पुठ्ठ्याचा खोका वापरू नका, भिजला की बूड सुटतं.

खुराडेवाली

क्रेट! घरात आहेतच. आणि ठेवायच्या कुठं? आमच्याकडं गच्ची आहे, पण उघडी. शेजारच्या काकू म्हणतात जिन्याखाली ठेव.

जित्राबांचा_डॉक्टर

जिन्याखाली नको. हवा नाही, आणि ओल्या विष्ठेच्या वासानं डोळे-नाक चुरचुरतं, सर्दी लागते. गच्चीवर पश्चिमेकडून पावसाचा मारा येतो. त्या बाजूला ताडपत्री ताणून बांधा, पूर्वेची बाजू मोकळी ठेवा. जमिनीला टेकवू नका, विटांवर फळी टाकून वर ठेवा. खाली तूस किंवा बारीक केलेलं कोरडं पाचट घाला आणि ओलं झालं की बदला.

पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. पुरात महावितरण सुरक्षिततेसाठी वीज तोडतं, बल्ब बंद. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा आणि तासा-दोन तासांनी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, धुरापेक्षा न दिसणारा वायू मारतो. पिल्लांना आणि तुम्हालाही.

हातकणंगलेकर

सगळे पुराचंच बोलताय. आमच्याकडं पूर नाही, वळीव आहे. एप्रिल-मेमध्ये चार वाजेपर्यंत तापतं आणि मग असा वारा सुटतो की खुराड्याचा पत्रा शेजारच्या शिवारात. आम्ही पत्र्याला खिळे सोडून इंग्रजी 'J' आकाराचे हुक मारले, वर वाळूची पोती ठेवली, आणि लोखंडी चौकट जमिनीत खुंट्या ठोकून तारेनं बांधली. गारा पडतात तेव्हा पत्र्याच्या आवाजानं कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि खालच्या गुदमरतात. त्यासाठी खुराड्याचे कोपरे फळी तिरकी ठोकून गोल केले, आणि पत्र्याखाली बारदान ताणलं. आवाज मऊ होतो, उन्हाळ्यात गारवाही राहतो.

विजेसाठी दामिनी ॲप घ्या, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की सांगतं. झाडाखाली खुराडं असेल तर हलवा.

मंगळवार_पेठी

उन्हाचंही लिहा कुणीतरी. मागच्या उन्हाळ्यात बहिणीच्या कोंबड्या चोच उघडून धापत होत्या.

जित्राबांचा_डॉक्टर

कोंबडीला घाम येत नाही, धापूनच ती अंग गार करते. ३५ अंशांच्या पुढं तिला फार त्रास होतो. दुपारी खाद्य काढून घ्या, पहाटे आणि संध्याकाळी घाला, कारण पचवतानाही अंग तापतं. सावलीत गार पाणी ठेवा, दिवसातून दोन-तीनदा बदला. पत्र्यावर ओलं बारदान किंवा पाचट टाका. एखादी फारच गळाली तर पाय साध्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवा, बर्फाच्या पाण्यात नाही.

मांजरांची_आजी

माझ्याकडं कोंबडी नाही, पाच मांजरं आहेत. मांजर संकट आलं की लपतं. माणसं निघाली, सामान गेलं, आणि मांजर माळ्यावर कुठल्या फडताळामागं बसलंय ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून नदीनं ३९ गाठला की आमच्याकडं सगळी मांजरं एका खोलीत, दार-खिडकी बंद. तिथंच खाणं, तिथंच रेतीचं टोपलं. निघायचं ठरलं की शोधाशोध नाही.

टोपली आत्तापासून घरात उघडी ठेवा आणि तिच्यात खाऊ घाला. एरवी फक्त दवाखान्याला जाताना टोपली निघते, म्हणून ती दिसली की मांजर पळतं. टोपली नसेल तर जाड उशीचा अभ्रा चालतो, तोंड सैल बांधायचं.

कुत्र्याच्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा. कोरून घेतला तर उत्तम, नाहीतर न पुसणाऱ्या शाईनं. लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. आणि नातेवाइकांना आजच विचारा की कुत्र्यासकट घ्याल का. निवारा शाळेत असो नाहीतर मंगल कार्यालयात, तिथं कुत्र्याला आत घेतीलच असं नसतं, मग माणूस कुत्र्यापायी पाण्यात मागं राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपला जीव धोक्यात, आणि होडी घेऊन परत येणाऱ्यांचाही.

काचेतला_मासा

माझ्या टाकीतल्या माशांचं काय करू? हसू नका.

पी_ढबाक

त्यांना फक्त बातम्या दाखवू नका, सगळे पंचगंगेकडं धावत सुटतील.

जित्राबांचा_डॉक्टर

वीज गेली तर हवेचा पंप बंद पडतो, तेवढाच खरा धोका. सेलवर चालणारा छोटा पंप आणून ठेवा. खाणं बंद करा. मोठे मासे काही दिवस उपाशी राहू शकतात, उलट खाऊ कुजून पाणी लवकर बिघडतं.

करवीरकर_७

अलमट्टीवरून भरकटवल्याबद्दल त्यातून काहीतरी उपयोगाचं देतो. नंबर भिंतीवर त्या आकड्याशेजारीच लिहा: ११२ आणीबाणीसाठी, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९६२ जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी.

भरपाईबद्दल: केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती मदतीच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीला ४,०००, आणि कोंबडीला १०० रुपये होते, एका कुटुंबाला कोंबड्यांसाठी १०,००० पर्यंत. पंचनामा लागतो. म्हणून पावसाळ्याआधी सगळ्या जनावरांचे खुराड्या-गोठ्यासह फोटो काढून ठेवा. पूर ओसरल्यावर मेलेलं जनावर पंचनाम्याआधी पुरावं लागलं तर आधी फोटो घ्या, शेजाऱ्याला साक्षीला ठेवा, मगच पुरा.

सुतारवाड्याचा

पाणी उतरल्यावरचं कुणीच लिहिलं नाही. खरं काम तेव्हाच असतं. खुराड्यात हात घालायच्या आधी काठी फिरवा. साप, विंचू कोरडी जागा शोधत तिथंच आलेले असतात. घोणस पाचटात दिसत नाही. आधी सगळा गाळ ओढून काढायचा, धुवायचं, मग ऊन किंवा वारा लागू द्यायचा, आणि पूर्ण वाळल्यावर चुन्याची भुकटी मारायची. ओल्यावर चुना मारला तर नुसता चिखल होतो. जमीन ओली असेपर्यंत कोंबड्या खाली सोडायच्या नाहीत.

जित्राबांचा_डॉक्टर

बरोबर. ओल्या जमिनीवर सोडल्या की रक्ती हगवण आणि जंत ठरलेलेच. पुराचं पाणी लागलेली अंडी खाऊ नका, कवचातून आत जातं. मेलेल्या कोंबड्या विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नदीत सोडू नका, खाली शिरोळची माणसं तेच पाणी वापरतात. आणि स्वतः गमबूट घाला. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की पुराच्या पाण्यात काम केलंय.

शिरोळचा_ऊसवाला

डॉक्टर, शिरोळची आठवण ठेवल्याबद्दल धन्यवाद. बोलत कुणी न्हाई हे.

रंकाळवेशी

मी ४३ म्हणालो होतो, तो आकडा रंकाळ्याकडच्यांसाठी ठेवतो. शाहूपुरीला तो लागू नाही, हे सुतारवाडा आणि प्रयागकाठ दोघांचं वाचून पटलं. पण खुराडेवाली, दरवर्षी सगळंच हलवायला घरचे वैतागतील हेही खरं आहे. दोन टप्पे करा.

खुराडेवाली

आज संध्याकाळी गल्लीतल्या जुन्या खुणा बघून आलो, घरच्यांनाही बरोबर नेलं. असं ठरलंय: ३९ ला क्रेट गच्चीवर, ताडपत्री बांधून तयार, मांजरं खोलीत बंद. ४१ ला रात्र पडली की कोंबड्या वर. कुत्रा त्याच दिवशी राजारामपुरीत मावशीकडं, तिला विचारून झालंय. पाणी एका रात्रीत वेगानं चढतंय असं दिसलं तर ३९ लाच सगळं एकदम. आकडे खडूनं नाही, रंगानं लिहिले.

एकच प्रश्न उरला. भुरी खुडूक झाली आहे. अंड्यांवर बसवू का?

जित्राबांचा_डॉक्टर

एकवीस दिवस धरा. मृग लागायच्या आत बसवली तर जूनअखेरच्या आत पिल्लं बाहेर येतात, आणि म्हातारा पाऊस लागेपर्यंत अंगावर बऱ्यापैकी पिसं आलेली असतात. जूनच्या मध्यानंतर मात्र कुणालाच बसवू नका, नाहीतर ऐन पुरात उघडी पिल्लं आणि बंद वीज. भुरी आजच बसत असेल तर बसू दे. तिच्या पोटाखाली मावतील तेवढीच अंडी ठेवा, दहा-बारा पुरे.

खुराडेवाली

आजच बसवते. चंद्रीही खुडूक व्हायच्या बेतात आहे, तिला मात्र यंदा बसवत नाही.

पी_ढबाक

भुरीच्या पिल्लांतल्या नरांचं काय ते पुढच्या आखाडात बोलू 😄